टाकीतला जिवंत रोहू: ताजा की दमलेला?

खाडीकाठ: कुर्ल्यात रविवारी निळ्या टाकीतले जिवंत रोहू-कटला पाहिले. पंप चालू होता, तरी निम्मे मासे वर तोंड काढून हवा ओढत होते. जाळ्यात धरून टेम्पोत कोंबलं की माशाच्या रक्तात कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, वाढतं, मागोमाग साखर चढते. अशा ताणात गोड्या पाण्यातल्या माशाच्या कल्ल्यांतून जास्त पाणी आत शिरतं, अंगातले क्षार बाहेर जातात. वर त्याच पाण्यात त्यांचाच अमोनिया साचत जातो, तोही तासन्‌तास. ही जिवंत माशांची ने-आण बंद करा. तळ्यावरच झटकन मारून बर्फात आणा.

टाकीवाला: १२ वर्षं हाच धंदा करतोय. २०१८ला गोव्यात मासे टिकवायला फॉर्मेलिन हे रसायन लावतात अशी बोंब उठली, तेव्हापासून गिऱ्हाईक बर्फातल्या माशाकडे संशयानेच बघतं. हलणारा मासा दिसला की त्याला खात्री पटते. आणि मासा मेला तर भाव पडतो माझाच, मग मी त्याचे हाल कशाला करीन? मरळ, मागूर तर हवेतूनही श्वास घेतात.

खाडीकाठ: मागूर गुदमरणार नाही, कबूल. पण एकमेकांवर घासून अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, तिथेच बुरशी धरते. आणि चवीचंच बोलायचं तर तडफडून मेलेल्या माशाच्या स्नायूंतलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, आधीच संपलेलं असतं. तो लवकर ताठरतो, लवकर मऊही पडतो. गिऱ्हाईक जास्त पैसे मोजतं ते ह्याला?

वेसावची: आमचं पापलेट बर्फातच येतं. कल्ला उघडून लाल बघायचा, डोळा बघायचा, बोटाने दाबायचं. एवढं शिकलं की टाकी लागत नाही. पण दादा, चिंबोरी आम्हीही जिवंतच विकतो, मेली की लगेच बिघडते. ती पण बंद करायची का?

शेततळं: बंदी कशाला? आम्ही माल भरण्याआधी एक दिवस मासे हाप्यात, म्हणजे पाण्यातल्या जाळीच्या कप्प्यात, उपाशी ठेवतो. पोट रिकामं असलं की वाटेत पाणी कमी घाण होतं. पाण्यात थोडं मीठ टाकलं तर क्षार कमी जातात. रात्रीच्या गारव्यात निघायचं, दाटी करायची नाही. मरतूक खूप कमी होते, हे मी स्वतः बघितलंय.

खाडीकाठ: चिंबोरीचं उत्तर माझ्याकडे नाही, ताई. उपास आणि मीठ दोन्ही मान्य. पण १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्यात माणूस सोडून प्रत्येक जीव प्राणीच आहे, म्हणजे मासाही आला. कुर्ल्याला येणारा टेम्पो वाटेत उघडून बघतं कोण?

टाकीवाला: कोणीच नाही, हे खरंय. माल पाठवणाऱ्याला उपासाचं विचारतो. बंदीला मात्र माझा नकारच.