फोटोवर लिहिलेलं काढायचंय, पण मागची भिंत आणि साडी तशीच हवी

चाळकरी_गिरगाव
मंडळी मदत हवीय. आजीचा एक जुना फोटो आहे, चाळीच्या गॅलरीत लाकडी कठड्याला टेकून उभी आहे, करवतकाठी नऊवारीत (काठाला करवतीसारखे दात असतात ती). तिच्या ७५व्या वाढदिवसाला मामेभावाने कुठल्याशा अ‍ॅपमध्ये त्यावर पिवळ्याजर्द अक्षरात, वर लाल बॉर्डर देऊन 'हार्दिक शुभेच्छा आजी' लिहिलं आणि ग्रुपवर टाकलं. बिनअक्षरांचा फोटो त्याच्या जुन्या फोनबरोबर गेला. आता पुढच्या महिन्यात आजीचं वर्षश्राद्ध आहे आणि आईला फ्रेमसाठी हाच फोटो हवाय, दुसरा कुठलाच चालत नाही. 'हार्दिक' भिंतीवर आलंय, 'शुभेच्छा' कठड्यावर आणि 'आजी' नेमकं साडीच्या काठावर. फोटोशॉपमध्ये उघडला तर एकच लेयर (म्हणजे थर), तोही कुलूप लावलेला. अक्षरं सिलेक्ट करून डिलीट केली की खाली पांढरं. लेयर परत सुटे होतात का? फोटो जोडलाय.

फ्लेक्सवाला_लालबाग
नाही होत. तुझा फोटो जेपीजी फाइल आहे, जेपीजीत लेयर नसतातच, सेव्ह करताना सगळं एका पापुद्र्यात चेपलं जातं आणि अक्षराखालचे पिक्सल गेले ते गेले. म्हणजे काढायचं असं काही नाहीये, आजूबाजूचं बघून भरायचंय. गणपतीच्या आधी पोरं गेल्या वर्षीच्या बॅनरचा जेपीजी घेऊन येतात, "दादा फक्त साल बदल", तेव्हा हेच करत बसतो रात्रभर.

आधी कंट्रोल जे मारून कॉपी कर, मूळ लेयरला हात लावू नको. भिंत सोपी आहे. कलर रेंजने (रंगावरून सिलेक्ट करायचं टूल) पिवळा आणि लाल पकड, मग सिलेक्शन ४-५ पिक्सल एक्सपांड कर. हे लोक विसरतात आणि मग अक्षराचं भूत राहतं. जेपीजी ८ बाय ८ पिक्सलच्या चौकटीत दाबतो त्यामुळे लाल रंग अक्षराच्या बाहेरपण सांडलेला असतो, झूम करून बघ. मग कंटेंट-अवेअर फिल, म्हणजे आजूबाजूचं बघून फोटोशॉप स्वतःच भरतं, सीएस५ पासून म्हणजे २०१० पासून आहे, जुनं व्हर्जन असलं तरी चालेल. भिंतीचा एकच पोपडा दोनदा दिसला तर एक मोडून टाक.

कठड्याला ते वापरू नको, सरळ रेषा वाकड्या होतात. दुसरा स्वच्छ गज अख्खा कॉपी करून आणून बसव.

काठाला मात्र वेळ जाणार. करवतीचे दात आहेत ना, ते मोजून जुळले पाहिजेत. शेजारचा चांगला तुकडा उचल, कंट्रोल टी, वॉर्पने निरीच्या वळणावर वाकव, मास्कने (नको तो भाग झाकून) कडा पुसून घे आणि घडीची सावली वेगळ्या मल्टिप्लाय लेयरवर, म्हणजे खालचं गडद करणाऱ्या. हीलिंग ब्रश लाल रंगाजवळ फिरवलास तर तो लाल ओढून घेतो, डाग पडतो, तिथं क्लोन स्टॅम्पच, तो एका जागेचं जसंच्या तसं दुसरीकडे उमटवतो.

रात्रपाळी_७
एवढं कोण करतं राव, फोनमधलं एआय इरेझर फिरव, २ मिनिटात साफ

फ्लेक्सवाला_लालबाग
भिंतीला फिरव की. काठावर फिरवलंस तर करवतीच्या जागी वेलबुट्टी येईल, आणि त्या साड्या ओळखणाऱ्या बायका घरात अजून आहेत.

माहीमची_मिनू
फोटोशॉप नसेल त्यांनी गिंप घ्या, फुकट आहे, क्लोनला कुठून उचलायचं ते दाखवताना तिथं फोटोशॉपच्या ऑल्टऐवजी कंट्रोल दाबायचं एवढंच.

पण चाळकरी, फोटो नीट बघितलास का? वरच्या उजव्या कोपऱ्यात ट्यूबलाइटची पट्टी चमकतेय. म्हणजे भावाने छापील फोटोचा मोबाईलने फोटो काढलाय. मग ती प्रिंट कुणाच्यातरी अल्बममध्ये असणारच, आधी ती शोध.

चाळकरी_गिरगाव
अरे हो!! मी तो उन्हाचा कवडसा समजत होतो. आत्ताच फोन केला, डोंबिवलीच्या मावशीकडे अल्बम आहे, पण म्हणे फोटो पानाला चिकटून बसलाय.

माहीमची_मिनू
ओढू नको, चेहरा पानावरच राहील. पानासकट स्कॅनरवर ठेव, ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) कर, आणि फाइल घरी पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणूनच पाठव, नाहीतर परत दाबून टाकेल.

चाळकरी_गिरगाव
रविवारी मेगाब्लॉक आहे, शनिवारीच जातो. तोवर भिंत आणि 'शुभेच्छा' झालंय, काठाचे ११ दात बसवलेत, मावशीकडचा फोटो अगदीच खराब निघाला तर उरलेले बसवीन.