टेसरॅक्ट हाताने बिल्ड केलं, आता मराठीच सापडेना

फोंडेकर
जुन्या लॅपटॉपवर डेबियन ११ (लिनक्स) आहे. आमच्या भजनी मंडळाच्या छापील स्मरणिका स्कॅन करून टेसरॅक्टने, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने, त्यातला मजकूर काढायचाय. ॲप्ट (डेबियनमध्ये तयार पॅकेजं घालणारी कमांड) टेसरॅक्ट ४.१.१ देतं, मला ५ हवं होतं. म्हणून सोर्स कोड उतरवला आणि कॉन्फिगर (तयारी), मेक (बिल्ड), मेक इन्स्टॉल (जागेवर बसवणं) केलं. मेक चालू असताना दोनदा वीज गेली (बॅटरी केव्हाच मेलीय, आणि फोंड्यातला जुलै तुम्हाला ठाऊकच आहे). आधी लायब्ररी सापडत नाही म्हणाला, एलडीकॉन्फिग (लायब्ऱ्यांची यादी ताजी करणारी कमांड) चालवल्यावर गप्प बसला. आता म्हणतो मराठीचा डेटा नाही. अरे, ते पॅकेज ॲप्टने कधीच घातलंय! शिवाय डिस्कवर जागा करायला सोर्सचं फोल्डर उडवून बसलोय. सगळंच काढून टाकू?

म्हापशाचो
थांब रे पात्रांव. तुझ्याकडे आता दोन टेसरॅक्ट आहेत. ॲप्टचं यूएसआर फोल्डरात, तुझं यूएसआर-लोकलमध्ये, आणि शेल (तुझ्या कमांड चालवणारा) आधी लोकलमध्ये बघतो. मराठीची फाइल ॲप्टने स्वतःच्या टेसरॅक्टजवळ ठेवलीय, तुझं ५ तिथे डोकावतच नाही. ती फाइल यूएसआर-लोकल-शेअरमधल्या टेसडेटा फोल्डरात कॉपी कर. ॲप्टचा डेटा ‘फास्ट’वाला, म्हणजे वेगाला महत्त्व देणारा असतो. जुन्या छपाईवर गिटहबवरचा ‘बेस्ट’, म्हणजे अचूकतेला महत्त्व देणारा डेटाही लावून बघ, सावकाश चालतो एवढंच.

मडगावचा काका
डेबियन १२ मध्ये ५.३.० ॲप्टनेच मिळतं, हा खटाटोप कशाला? हाताने घातलेल्याची डीपीकेजीला (ॲप्टमागे पॅकेजांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅमला) खबर नसते. उद्या त्यात सुरक्षेचं भोक निघालं तर ॲप्ट अपग्रेड ते बुजवणार नाही, तुलाच पुन्हा मेक करत बसावं लागेल. मी एफएफएमपेग (व्हिडिओचं सॉफ्टवेअर) असंच घातलं आणि दोन वर्षं विसरलो. काढायचंच असेल तर तीच आवृत्ती परत उतरव, कॉन्फिगरही पहिल्यासारखंच कर, मग मेक अनइन्स्टॉल. पुढच्या खेपेला मेक इन्स्टॉलच्या जागी चेकइन्स्टॉल वापर. त्याने डेब (डेबियनचं) पॅकेज बनतं, मग ॲप्टने काढता येतं.

म्हापशाचो
काका, वीज अशी जाते तिथे ऐन पावसात अख्खी सिस्टिम अपग्रेड करायला सांगता?

फोंडेकर
फाइल कॉपी केली, मराठी आली! ‘बेस्ट’ने एक पान वाचलं, ‘माटोळी’चं (गणपतीवर टांगतात ती फळांची) ‘माटोली’ केलं, बाकी ठीक. काकांचं चवथीनंतर ऐकतो. नवी बॅटरी घेतली की मगच.