गणपतीतले पर्यावरणाचे देखावे बघून कोण बदलतं का?

खाडीकाठ: आमच्या मंडळाने यंदा 'नदी वाचवा' देखावा केला, आटलेलं पात्र, मेलेले मासे, मागून नदीचं मनोगत. रांगा लागल्या, बायकांच्या डोळ्यात पाणी आलं. आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चौपाटीवर गेलो तर ओल्या वाळूत एक सोंड पडलेली, सोनेरी रंग तसाच, दाबून बघितली तर टणक. आमची मूर्ती पण पीओपीचीच होती हो, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस, पाण्यात लवकर विरघळतच नाही. देखावा बघितला की आपण काहीतरी केलं असं वाटतं आणि विषय तिथेच संपतो. नियमच कडक हवेत, बाकी सगळं वरवरचं.

रानवारा: अजिबात नाही पटलं. नियम होतेच की! केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० लाच पीओपीला मनाई केली होती, पाळली कोणी? आणि २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने पीओपीच्या मूर्ती बनवायला मोकळीक दिली, आधी म्हणाले समुद्रात-नदीत विसर्जन नको, मग सहा फुटांवरच्यांना मार्च २०२६ पर्यंत तीही सूट दिली होती. लोकांच्या मनात नसेल तर कागदाचं काय करायचं? गाडगेबाबांनी कीर्तनातून गावंच्या गावं स्वच्छ केली, ती कुठल्या कायद्याने?

खाडीकाठ: पण बाबा दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचे आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहायचे. आमच्या देखाव्यात खराटा कुठे होता?

पेणचा_कारखाना: मी मूर्तीवाला, जरा आमचं पण ऐका. पीओपी साच्यातून झटकन निघतं, हलकं असतं. शाडू पावसाळी हवेत दिवसेंदिवस सुकत नाही, जड, टेम्पोत एक खड्डा बसला की बोटं तुटतात, आणि ती माती पण गुजरातेतून आणावी लागते. म्हणून महाग. पण आमच्याकडे शाळेची पोरं शाडूचा गणपती करायला येतात ना, त्यातली कितीतरी पुढच्या वर्षी आईबाबांना ओढत आणतात, आम्हाला हाच पाहिजे म्हणून. नुसतं बघून नाही होत, हात मातीत गेले की होतं.

रानवारा: दादा, तीच तर कला!

खाडीकाठ: हे मान्य. रविवारी मंडळाची मीटिंग आहे, मूर्तीची उंची कमी करायचा विषय मी मांडणारच, भांडण झालं तरी चालेल. दादा, शाडूची चार फुटी हवी तर कधी सांगायचं?

पेणचा_कारखाना: माघी गणपती झाले की लगेच सांगा, उन्हात सुकायला हवी. जूनमध्ये आलात तर नाही जमणार.