टॅक्सी पासिंगसाठी हायब्रीड घ्यावी का? पुणे–मुंबई विमानतळ आणि हिंजवडीच्या भाड्यांचा हिशेब

घाटमाथा (पुणे):

नमस्कार. माझा पुण्यात पर्यटक टॅक्सीचा छोटा व्यवसाय आहे. एक अर्टिगा सीएनजी आणि एक इनोव्हा क्रिस्टा डिझेल अशा दोन गाड्या पिवळ्या पाटीवर आहेत. क्रिस्टाचे कर्ज फिटले असून तिचे इंजिनही अजून उत्तम आहे. परंतु हिंजवडीतील ज्या कंपनीची भाडी आमच्याकडे येतात, तिने पुढील करारात डिझेल गाड्या शक्यतो नकोत, असे कळवले आहे. त्यामुळे इनोव्हा हायक्रॉसची हायब्रीड, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर असलेली, आवृत्ती टॅक्सी म्हणून नोंदवावी का, या विचारात आहे.

आमचे चालणे महिन्याला साधारण पाच हजार किलोमीटर आहे. त्यातील मोठा भाग हिंजवडी ते लोहगाव विमानतळ आणि पुणे ते मुंबई विमानतळ या फेऱ्यांचा असतो. उरलेला महाबळेश्वर, अष्टविनायक आणि अधूनमधून कोकण असा. माहितीपत्रकात २३.२४ किलोमीटर प्रतिलिटर हा आकडा आहे. सात माणसे, सामान आणि सतत चालू असलेला एसी धरून प्रत्यक्षात किती मिळावे? घाटात या गाडीचे वागणे कसे असते, आणि टॅक्सीच्या वापरात बॅटरी किती टिकते? पूर्ण विजेवरच्या गाडीचाही विचार केला होता, परंतु पहाटेचे विमान सोडून लगेच दुसरे भाडे घ्यायचे असेल तर चार्जिंगसाठी थांबायला वेळ कोठून आणायचा, या प्रश्नापाशी तो अडला. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जमाखर्च:

आपल्या प्रश्नाचे उत्तर आपण हायब्रीडची तुलना कोणत्या गाडीशी करता, यावर जवळजवळ पूर्णपणे अवलंबून आहे. विक्रेते नेमकी सोयीची तुलना पुढे करतात, म्हणून चारही गाड्या एकाच कागदावर मांडून पाहू.

हिशेबापुरते पेट्रोल १०४ रुपये, डिझेल ९१ रुपये आणि सीएनजी ९० रुपये किलो धरू. मिश्र वापरात, एसी चालू ठेवून, हायक्रॉस हायब्रीड १७, क्रिस्टा १२, हायब्रीड नसलेली पेट्रोल हायक्रॉस साडेदहा आणि अर्टिगा सीएनजी किलोला २२ किलोमीटर देते, असे गृहीत धरतो. हे आकडे मी मुद्दाम हात राखून घेतले आहेत, कारण चाचणीतील अ‍ॅव्हरेज हे ठरावीक चक्रावर मोजलेले असते आणि त्यात आपले सात प्रवासी व त्यांच्या बॅगा नसतात. शिवाय आता पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये ऊर्जा थोडी कमी असल्याने पेट्रोलवरील प्रत्येक गाडीला त्याची झळ बसते. डिझेलला ती बसत नाही.

या दराने किलोमीटरमागे इंधन हायब्रीडला सुमारे ६.१०, क्रिस्टाला ७.६०, साध्या पेट्रोल हायक्रॉसला ९.९० आणि अर्टिगाला ४.१० रुपये पडते. आपले वर्षाचे साठ हजार किलोमीटर धरले, तर हायब्रीड क्रिस्टापेक्षा वर्षाला सुमारे ८८ हजार रुपये वाचवते. ऐकायला बरे वाटते. परंतु नवी हायब्रीड क्रिस्टाच्या खालच्या आवृत्तीपेक्षा सहा-सात लाखांनी महाग पडते, आणि सात लाखांवर दहा टक्क्यांनी पहिल्या वर्षाचे व्याजच सत्तर हजारांच्या घरात जाते. आपली क्रिस्टा तर बिनहप्त्याची आहे. तेव्हा केवळ इंधन वाचवण्यासाठी ती विकून हायब्रीड घेणे हा आतबट्ट्याचा व्यवहार ठरेल.

कंपनीचा करार टिकवायचाच असेल, आणि त्यासाठी इनोव्हाच्याच वर्गातील बिनडिझेलची गाडी लागणार असेल, तर मात्र चित्र पालटते. तेव्हा तुलना साध्या पेट्रोल हायक्रॉसशी होते. तिच्यापेक्षा हायब्रीड वर्षाला सव्वादोन लाखांहून अधिक इंधन वाचवते, म्हणजे किमतीतील फरक तीन वर्षांच्या आसपास भरून निघतो. कंपनी अर्टिगाच्या वर्गावर समाधानी असेल, तर सीएनजीपुढे हायब्रीड टिकत नाही. पंपावरील रांग, डिक्कीतील टाकी आणि घाटातील जरा मंद ओढ सहन करण्याची तयारी हवी, इतकेच. आणि ती आपल्याकडे आधीपासून आहे.

विजेच्या गाडीचा विचार आपण थोडा लवकर सोडला, असे मला वाटते. द्रुतगती मार्गावर मोटारीचा पथकर एप्रिल २०२३ पासून एका बाजूला ३२० रुपये आहे, आणि राज्याच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणानुसार विजेवरील गाड्यांना तो माफ आहे. हायब्रीडला ही माफी नाही. करातही तोच भेद आहे: सप्टेंबर २०२५ च्या बदलानंतर विजेच्या गाडीवर ५ टक्के आणि या आकाराच्या हायब्रीडवर ४० टक्के जीएसटी आहे. किया कॅरेन्स क्लाव्हिस ईव्हीसारखी सात आसनी गाडी फक्त विमानतळाच्या ठरलेल्या फेऱ्यांना लावली तर काय होते, हेही एकदा मांडून पाहा. कोकणाच्या भाड्यासाठी मी ती सुचवणार नाही.

पाना-पक्कड:

पैशांचा भाग वरच्या प्रतिसादात नीट आला आहे. मी गॅरेजच्या बाजूने लिहितो.

प्रथम एक गोंधळ दूर करू. अर्टिगाच्या पेट्रोल आवृत्तीवरही कंपनी हायब्रीड हा शब्द लावत आली आहे. परंतु तेथे पट्ट्यावर चालणारी छोटी मोटर इंजिनाला केवळ हातभार लावते, एकटी गाडी ओढत नाही. हायक्रॉस, हायरायडर आणि ग्रँड विटाराच्या वरच्या आवृत्त्या यांमध्ये मोटर काही अंतर स्वतः गाडी चालवते आणि इंजिन पूर्ण बंद राहू शकते. टॅक्सीला उपयोग होतो तो याच प्रकाराचा. एसीचा कॉम्प्रेसरही विजेवर चालत असल्याने भूमकर चौकातील कोंडीत इंजिन बंद असतानाही गारवा कायम राहतो. बॅटरी उतरली की इंजिन थोडा वेळ आपोआप सुरू होते आणि पुन्हा थांबते. खरी बचत होते ती येथेच. सलग १०० च्या वेगाने द्रुतगती मार्ग कापला तर फायदा बराच घटतो. आपल्या टॅक्सीला ८० चा वेगनियंत्रक असेल, ही प्रवाशांना न आवडणारी गोष्ट अ‍ॅव्हरेजच्या पथ्यावर पडते.

घाटाविषयी विचारले आहे. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना ब्रेक लावला की चाकांची ऊर्जा बॅटरीत जाते. परंतु ही बॅटरी लहान असते, आणि अर्ध्या उतारातच तिचा काटा वर टेकतो. त्यानंतर गाडीला ती ऊर्जा साठवायला जागा उरत नाही, म्हणून ती इंजिन फिरवून वेग आवरू लागते. चालकाचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नसतानाही इंजिनाचा मोठा आवाज येतो आणि मागचे प्रवासी घाबरून विचारतात. हा बिघाड नाही. त्या वेळी इंधन जळत नसते. ब्रेकचे लायनर मात्र या गाड्यांत बरेच जास्त टिकतात, आणि घाटात सतत फिरणाऱ्या गाडीला ही बचत लहान नाही.

खरी अडचण चालकांच्या सवयींची आहे. आपल्याकडे सिग्नलला आणि उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची सवय हाडीमाशी खिळलेली आहे. हायब्रीडमध्ये न्यूट्रलवर मोटर चालवणारी मोठी बॅटरी चार्जच होत नाही, म्हणून कोंडीत वारंवार न्यूट्रल करणारा चालक स्वतःच्या हाताने अ‍ॅव्हरेज घालवतो. दुसरे म्हणजे, गाडी सुरू असूनही आवाज येत नाही, त्यामुळे ती बंद आहे असे समजून चालक खाली उतरतो, आणि बंदिस्त तळघरात थोड्या वेळाने इंजिन आपोआप धडधडू लागते. बटण बंद करूनच उतरायचे, हा नियम पहिल्या दिवशीच घालून द्या.

तिसरी गोष्ट बारा व्होल्टच्या साध्या बॅटरीची. मोठी बॅटरी भरलेली असली तरी गाडी जागी होते ती या छोट्या बॅटरीवर. टॅक्सीला सक्तीचे असलेले जीपीएस यंत्र आणि वर जोडलेला डॅशकॅम तिच्यातून सतत थोडी वीज घेत असतात, आणि गाडी आठवडाभर उभी राहिली तर बटण दाबून काहीही होत नाही. अशा वेळी चार माणसे बोलावून धक्का मारण्याचा उपाय चालत नाही. बंद पडलेली गाडी पुढची चाके जमिनीवर ठेवून ओढूनही नेऊ नये, कारण चाकांबरोबर आतली मोटर फिरते. ती सपाट ट्रकवर चढवूनच न्यावी. जीपीएस, पॅनिक बटण आणि वेगनियंत्रक यांची जोडणी कोपऱ्यावरच्या वायरमनकडून करून घेऊ नका. नारिंगी वेष्टनाच्या तारांमध्ये जिवावर बेतेल इतका दाब असतो.

आणखी एक. मोठ्या बॅटरीला थंड ठेवणारा पंखा हवा घेतो ती प्रवाशांच्याच भागातून, आसनाजवळील जाळीतून. तिच्यावर बॅग, घोंगडी किंवा वर्तमानपत्र पडले, किंवा आतली गाळणी धुळीने बुजली, की बॅटरी तापते आणि आयुष्य घटते. दर सर्व्हिसिंगला ती गाळणी आपल्या समोर काढून दाखवायला सांगा.

घाटमाथा (पुणे):

दोघांचेही मनःपूर्वक आभार. न्यूट्रलचा मुद्दा वाचताना आमचे जुने चालक डोळ्यांसमोर आले. त्यांना समजावणे हे गाडी घेण्याहून कठीण काम आहे. हायब्रीडवर नंतर बाहेरून सीएनजी किट बसवता येईल, असे एका ओळखीच्या व्यावसायिकाने सुचवले आहे. ते कितपत योग्य आहे? बॅटरीच्या आयुष्याविषयी कोणाचा अनुभव असेल, तर तोही कळवावा.

पाना-पक्कड:

किट बसवू नका. इंजिन केव्हा सुरू व्हावे आणि केव्हा थांबावे हे गाडीचा संगणक ठरवतो, आणि त्याच्या गणितात बाहेरच्या गॅसचा हिशेब नसतो. वॉरंटी जाईल ती वेगळीच. कल्पना मात्र चुकीची नाही. टोयोटाने २०१७ मध्ये जपानमध्ये खास टॅक्सीसाठी काढलेली जेपीएन टॅक्सी ही एलपीजीवर चालणारी हायब्रीडच आहे. तशी सीएनजी हायब्रीड येथे कारखान्यातून आली, तर अशा चर्चेची गरजच उरणार नाही.

परसदार (न्यू जर्सी):

मूळचा दादरचा असल्याने टॅक्सीचा विषय दिसला की वाचतो. न्यू यॉर्कमध्ये हायब्रीड टॅक्सी २००५ पासून आहेत. सुरुवात फोर्ड एस्केपने झाली. महापौर ब्लूमबर्ग यांनी २००७ मध्ये पाच वर्षांत सर्व पिवळ्या टॅक्सी हायब्रीड करण्याची घोषणा केली, परंतु इंधनक्षमतेचे नियम करण्याचा अधिकार शहराचा नसून केंद्रीय शासनाचा आहे, या मुद्द्यावर न्यायालयाने ती सक्ती २००८ मध्ये रोखली. गंमत अशी की सक्ती गेल्यावरही मालक हायब्रीड घेतच राहिले, आणि आज रस्त्यावर कॅमरी, सिएना अशा टोयोटाच्या हायब्रीड टॅक्सी पावलोपावली दिसतात. त्या बॅटऱ्या टॅक्सीच्या वापराने लगेच मरत असत्या, तर पैशाला जागणाऱ्या या मालकांनी त्या पुन्हा घेतल्या नसत्या. मात्र येथील टॅक्सी मॅनहॅटनच्या कोंडीत दिवसभर थांबत-थांबत चालते आणि येथे सीएनजीची स्वस्त स्पर्धा नाही. त्यामुळे येथील अनुभव बॅटरीपुरता घ्यावा, नफ्यापुरता नव्हे.

जमाखर्च:

बॅटरीवरून आठवले. आठ वर्षांची बॅटरी वॉरंटी असे विक्रेता सांगेल, आणि ते खोटे नाही. परंतु ती आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तिथपर्यंतच असते. खाजगी मालकाला वर्षे महत्त्वाची, आपल्याला किलोमीटर. वर्षाला साठ हजारांच्या चालीने ही मर्यादा पावणेतीन वर्षांतच संपते, आणि कर्ज पाच वर्षांचे असेल तर उरलेली सव्वादोन वर्षे आपण वॉरंटीबाहेरच्या बॅटरीचे हप्ते भरत असाल. न्यू यॉर्कचा अनुभव पाहता ती लगेच दगा देईल असे नाही; तरी प्रत्येक किलोमीटरमागे पन्नास पैसे या खर्चासाठी बाजूला टाकावेत, म्हणजे वर्षाला तीस हजार जमतील. किमतीतील फरक भरून निघण्याची मुदत त्यामुळे काही महिन्यांनी पुढे जाते, हेही मोजा.

घाटमाथा (पुणे):

पन्नास पैसे धरून हिशेब पुन्हा मांडला. साध्या पेट्रोल हायक्रॉसच्या तुलनेत हायब्रीडचे गणित तरीही कर्जाच्या मुदतीत बसते. क्रिस्टाच्या तुलनेत ते बसत नाही. म्हणून क्रिस्टा विकायची नाही, ती महाबळेश्वर आणि कोकणाला लावायची, असे ठरवले आहे. हायब्रीड एकच घेईन, तीही कंपनीने किमान तीन वर्षांचा करार लेखी दिला तरच. वर्षाच्या करारावर इतके कर्ज डोक्यावर घेण्यात अर्थ नाही. कंपनी अर्टिगावर राजी झाली, तर दुसरी सीएनजी अर्टिगा घेईन. आणि पिवळ्या पाटीच्या गाडीला बॅटरीची वॉरंटी तशीच लागू आहे का, हे नोंदणीची रक्कम भरण्यापूर्वी विक्रेत्याकडून त्याच्या शिक्क्यानिशी लिहून घेईन. सोमवारी कंपनीच्या वाहतूक व्यवस्थापकांची भेट ठरली आहे.