इ-सायकलची मोटर: पंचवीसचं कुलूप काढावं की सेटिंग नीट लावावी?

वारजेवाला
दोन वर्षं वारजे ते हिंजवडी इ-सायकलनं जातोय. मागच्या चाकात २५० वॉटच्या आतली हब मोटर, ३६ व्होल्टची बॅटरी. भेटेल तो एकच विचारतो, "लॉक काढलंस का?" माझं मत: ताशी पंचवीस किलोमीटरला मोटर थांबते ती मर्यादा आहे तशी राहू द्या, पण बाकीची सेटिंग मालकानं स्वतः लावायलाच हवीत. माझी सायकल नवी आली तेव्हा असिस्ट (मोटरच्या मदतीचा टप्पा) एकवरसुद्धा, सिग्नलला पेडलवर नुसता पाय ठेवला तरी पुढे झेपावायची. एकदा रिक्षाच्या मागच्या बंपरला चाक लागलं. मग डिस्प्लेच्या मेनूत शिरलो. सुरुवातीचा जोर (माझ्याकडे पी-१२) तीनवरून एकवर आणला, पेडल किती फिरल्यावर मोटर जागी व्हावी तेही जुळवलं. आता गर्दीत सायकल माझ्या पायाचं ऐकते. हे विकणाऱ्यानंच करून द्यायला हवं होतं.

नगररोड_३५
नगर रोडवर येऊन बघ. पंचवीसला मोटर हात काढून घेते, वीस-बावीस किलोची सायकल एकदम जड होते आणि मागून टँकर हॉर्न मारत असतो. मी पी-०८ मध्ये वेगमर्यादा ३५ केली. बत्तीस-तेहतीसनं जातो, दुचाक्यांच्या ओघात राहतो. सात महिन्यांत काहीही बिघडलेलं नाही. मला सुरक्षित काय वाटतं ते मी ठरवणार.

वारजेवाला
टँकरची भीती मलाही आहे, ती खोटी म्हणत नाही. पण मोटरची तीस मिनिटांची (सलग तेवढा वेळ देता येणारी) शक्ती २५० वॉटपेक्षा कमी आणि पंचवीसला पोचताच मोटर बंद, या अटींवरच मोटार वाहन नियमांत आपली सायकल 'मोटार वाहन' ठरत नाही. लायसन्स, नंबरप्लेट, विमा यातून सूट मिळते ती त्यामुळे. तू ३५ केलीस की ती बिननोंदणीची गाडी झाली. उद्या कुणी म्हातारं माणूस आडवं आलं तर? आणि पंचवीसवरून पस्तीसवर गेलास की ब्रेकला जवळजवळ दुप्पट ऊर्जा जिरवावी लागते.

मिरज_रिपेरिंग
मी या मोटरी उघडतो, म्हणून लिहितो. तुम्ही दोघं वेगावर भांडताय, पण माझ्याकडे येणारा माल चढावर जळलेला असतो. कंट्रोलरचा (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या डबीचा) करंट १५ अँपियरवरून २० केला की मोटरच्या तारांतली उष्णता सव्वापट नाही, पावणेदोन पटीच्या वर जाते, कारण ती करंटच्या वर्गानं वाढते. त्यात घाटात चाक सावकाश फिरतं, म्हणजे बॅटरीतून ओढलेल्यातलं बरंचसं ढकलण्याऐवजी तापण्यात जातं. आतले नायलॉनचे गिअर मऊ पडतात, दाते झिजतात. छोट्या बॅटरीत तीन-तीन सेल समांतर असतात. वीस अँपियर म्हणजे एकेका सेलवर पावणेसात. साध्या सेलला ते रोज झेपत नाही.

वारजेवाले, तुमच्याशीही माझं पटत नाही. मेनू सगळ्यांना उघडा असूच नये. परवा एकानं बॅटरी किती उतरल्यावर पुरवठा तोडायचा ती मर्यादा ३१ व्होल्टवरून २७ वर आणलेली सायकल आणली. "दोन किलोमीटर जास्त मिळतात," म्हणाला. वर्षभरात पॅक निम्मा झाला. दहा सेल ओळीत आहेत, २७ म्हणजे एकेक २.७ पर्यंत पिळला. आणि दहाही सेल सारखे नसतात, अशक्त असतो तो त्याहून खाली जातो.

गंगापूररोडची_ताई
मेनू बंद करा म्हणू नका हो दादा. माझं वय अठ्ठावन्न, उजवा गुडघा दुखतो. पेडलच्या पहिल्या दोन फेऱ्यांतच माझा गुडघा बोलायचा, कारण मोटर उशिरा लागायची. दुकानात तीनदा गेले, "असंच असतं" म्हणाले. शेवटी भाच्यानं मेनू उघडून मोटर लवकर लागेलशी केली. तेव्हापासून मी रोज भाजी आणायला सायकलनं जाते.

उत्रेख्तहून
इथे नेदरलँड्समध्ये जाड टायरच्या इ-सायकली वेग वाढवून पळवणारी पोरं फार झाली. आता पोलीस रस्त्यातच सायकल रोलरवर चढवून वेग मोजतात. नगर रोडवाल्या मित्रा, तू एकटा सांभाळून चालवत असशील. पण रोलर येतो तो सगळ्यांसाठी येतो.

मिरज_रिपेरिंग
ताई, तुमचं सेटिंग योग्यच आहे. सुरुवात, असिस्टचे टप्पे, चाकाचा व्यास हे मालकाकडे असू द्या, एवढं मान्य. करंट आणि व्होल्टला मात्र कुलूप हवंच.

वारजेवाला
करंटचं कुलूप मला चालेल. व्होल्टचं नाही. बॅटरी बदलली तर नवी मर्यादा टाकायला प्रत्येक वेळी दुकानात जाऊ का?

नगररोड_३५
मी पंचवीसवर परत येणार नाही. त्या रस्त्याला सायकलसाठी वेगळी पट्टी द्या, मग बोलू. मिरजवाले, एक सांगा. माझ्या मोटरचं कव्हर वाघोलीला पोचल्यावर हात ठेववत नाही इतकं तापतं. करंट मी वाढवलेला नाही, फक्त वेग.

मिरज_रिपेरिंग
वेग वाढला की वारा कापायला ताकद लागते. पंचवीसवरून बत्तीसवर फक्त वाऱ्यासाठीच दुपटीच्या वर. ती सतत, सपाट रस्त्यावरही. बाहेर हात ठेववत नाही म्हणजे आत त्याहून बरंच जास्त. गिअरचं ग्रीस शेवटचं कधी बघितलंत?

नगररोड_३५
कधीच नाही. रविवारी उघडतो आणि फोटो टाकतो.