छोट्या जेटवर लवकर कॅप्टन, की मोठ्या जेटवर उजवी सीट?

धागाकर्ता: डावी सीट

मंडळी, फ्रॅक्शनल कंपन्यांत, म्हणजे जिथे एका जेटचे हिस्से अनेक मालकांना विकतात आणि वैमानिक कंपनीचे असतात तिथे, फर्स्ट ऑफिसरपुढे कधी ना कधी हा पेच येतोच. बिड उघडते, म्हणजे कंपनी रिकाम्या जागा जाहीर करते आणि वैमानिक आपली पसंती नोंदवतात. त्याच्या सिनिऑरिटी नंबरला (सेवाज्येष्ठतेच्या यादीतल्या क्रमांकाला) फेनम ३०० या छोट्या जेटवर कॅप्टनची जागा, म्हणजे डावी सीट मिळू शकते, आणि त्याच नंबरला ग्लोबल या मोठ्या जेटवर फर्स्ट ऑफिसरची उजवी सीटही. बरेच जण ग्लोबल घेतात. मला ते पटत नाही. आधी डावी सीट घ्यावी, विमानाचं नंतर बघता येतं.

पहिलं कारण कागदोपत्री आहे, पण मोठं आहे. पुढेमागे अमेरिकेतल्या एअरलाइनमध्ये कॅप्टन व्हायचं असेल तर तिथल्या विमान वाहतूक नियमांच्या कलम १२१.४३६ प्रमाणे १,००० तास लागतात. ते एअरलाइनमध्ये फर्स्ट ऑफिसर म्हणून भरता येतात, किंवा फ्रॅक्शनल जेटवर कॅप्टन म्हणून. फ्रॅक्शनलमध्ये उजवीकडे बसून केलेले तास त्यात धरत नाहीत, मग विमान कितीही मोठं असो.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. अमेरिकेतल्या ॲस्पेन विमानतळाचं उदाहरण घ्या. धावपट्टी सुमारे ७,८०० फुटांवर, भोवती डोंगर. जेट सहसा धावपट्टी १५ वर उतरतात आणि उलट दिशेने ३३ वरून उडतात, त्यामुळे उतरताना पाठीमागून वारा असणं तिथे नेहमीचंच. तो वारा मर्यादेच्या अलीकडे-पलीकडे घुटमळतोय, मागे मालक कुटुंबासह बसलेत, खाली गाड्या येऊन थांबल्यात. अशा वेळी 'रायफलला (जवळच्या दुसऱ्या विमानतळाला) जातोय' हे प्रवाशांना सांगायचं आणि पुढचे दोन तास त्यांची नाराजी सोसायची, हे काम कॅप्टनचं. फर्स्ट ऑफिसरने बोललंच पाहिजे, पण शेवटी जबाबदारी एकाच माणसाची असते आणि ती घेतल्याशिवाय अंगवळणी पडत नाही. ग्लोबल ७५०० तर तिथे जातच नाही. ॲस्पेनला पंखांची मर्यादा ९५ फूट आहे आणि ७५०० चे पंख १०४ फूट.

प्रतिसाद: रोस्टरवाली

साफ असहमत. तुम्ही लॉगबुकचं बोलताय, घराचं कोण बोलणार?

सिनिऑरिटी म्हणजे नुसता एक नंबर नाही, त्या सीटवर आणि त्या विमानावर तुमच्या वर किती जण आहेत हे बघावं लागतं. आज जो फर्स्ट ऑफिसरांच्या यादीत वरच्या चौथाईत आहे तो अपग्रेड (कॅप्टनपदाची बढती) घेतो आणि दुसऱ्या दिवशी कॅप्टनांच्या यादीत तळाला जातो. सुट्ट्यांची निवड शेवटी, ड्युटीचा पॅटर्न उरलासुरला. घरी दोन लहान मुलं असताना पगारातली वाढ ही भरपाई होत नाही, निदान माझ्यासाठी नाही.

शिवाय छोट्या जेटवरचा दिवस कसा असतो तेही सांगा. फ्लाइट अटेंडंट नाही. दिवसात चार सेक्टर, म्हणजे चार उड्डाणं, प्रत्येक वेळी बॅगा आपणच चढवायच्या, बर्फ आणि कॉफी आपणच भरायची, सीटवरचे बिस्किटाचे तुकडे आपणच झाडायचे आणि मग रिकामं विमान घेऊन पुढच्या मालकाकडे. नियमात ड्युटी १४ तास आणि विश्रांती १० तास. त्या दहा तासांत हॉटेल, जेवण, झोप आणि सकाळची तयारी सगळं बसवायचं.

प्रतिसाद: महासागरी

धागाकर्त्याने ग्लोबलची उजवी सीट म्हणजे जणू आरामखुर्ची असं चित्र रंगवलंय. ७,७०० नॉटिकल मैल पल्ल्याच्या विमानात बसून अटलांटिक ओलांडताना कॅबिनमधला दाब गेला किंवा एक इंजिन बंद पडलं तर पुढे जायचं की मागे फिरायचं, तो बिंदू कुठे, वाऱ्याने तो किती सरकला, हे उजवीकडचा माणूसही सतत मोजत असतो. सीपीडीएलसीवरून (नियंत्रकाशी लेखी संदेशांच्या यंत्रणेवरून) आलेली क्लिअरन्स दोघांनी स्वतंत्र वाचायची आणि वेपॉइंटचे (मार्गावरच्या ठरलेल्या बिंदूंचे) अक्षांश-रेखांश दोघांनी ताडून बघायचे. हे शिक्षण फेनमवर मिळत नाही. उद्या खासगी मालकाच्या मोठ्या जेटवर नोकरी हवी असेल तर तिथे हाच अनुभव विचारतात.

डावी सीट

महासागरी, अनुभव मोलाचा आहे, वादच नाही. पण लांब पल्ल्यावर लँडिंग किती वाट्याला येतात? तीन-चार वैमानिक, बारा तासांचा सेक्टर आणि लँडिंग एक. ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग ही अटही काहींना सिम्युलेटरमध्ये जाऊन पुरी करावी लागते. हात बसायच्या वयात हे मला पटत नाही.

रोस्टरवाली, तुमचा मुद्दा मात्र खोडता येत नाही. माझा सल्ला ज्याच्यावर घरची जबाबदारी अजून कमी आहे त्याला आहे. हे मी वरच लिहायला हवं होतं.

प्रतिसाद: जुना नंबर

वेळेबद्दल थोडं. 'पुढच्या बिडला बघू' म्हणणाऱ्यांनी इतिहास आठवावा. डिसेंबर २००७ मध्ये अमेरिकेत एअरलाइन वैमानिकांचं निवृत्तीचं वय ६० वरून ६५ झालं, पाठोपाठ मंदी आली, आणि अपग्रेडची रांग कैक वर्षं जागची हलली नाही. फ्रॅक्शनलमध्ये रांग आणखी सावकाश सरकते, कारण ६५ ची अट एअरलाइनला आहे. मोठ्या फ्रॅक्शनल आणि चार्टर कंपन्यांना नंतरच्या कायद्याने ७० ची मर्यादा लागली. वरचे लोक उशिरा जातात. म्हणून दार उघडं असेल तेव्हा आत शिरावं, इथपर्यंत मी धागाकर्त्याच्या बाजूने.

पण डावी सीट म्हणजे सुरक्षितता असं कुणी समजू नये. फर्लो (कामगार कपात) सिनिऑरिटीच्या तळापासून सुरू होतो, तुम्ही कोणत्या सीटवर आहात ते तिथे बघत नाहीत. आणि ताफ्यातून एखादं मॉडेल काढलं की त्यावरचे कनिष्ठ कॅप्टन परत उजवीकडे येऊ शकतात. तेव्हा विमान निवडताना त्याची नवीन डिलिव्हरी चालू आहे की कंपनी ते विकायला लागली आहे, हे आधी बघा.

प्रतिसाद: सिमवाला

मी सिम्युलेटरवर वैमानिकांना प्रशिक्षण देतो. नंबर आला म्हणून अपग्रेड घेणारे आणि तयारी झाली म्हणून घेणारे, दोघे पहिल्याच सत्रात वेगळे ओळखू येतात. पहिला इंजिन फेल झालं की स्वतःच चेकलिस्ट ओढतो, स्वतःच रेडिओवर बोलतो, स्वतःच उडवतो. दुसरा म्हणतो, 'विमान तुझ्याकडे, मी चेकलिस्ट घेतो,' आणि श्वास घेतो. नापास चेकराइड (उड्डाणाची परीक्षा) अमेरिकेत वैमानिकांच्या नोंदींच्या डेटाबेसमध्ये जाते आणि पुढचा प्रत्येक नोकरी देणारा ती वाचतो. एक बिड सोडल्याचं नुकसान त्यापेक्षा कमी आहे.

रोस्टरवाली

सिमवाल्यांना अनुमोदन. आणखी एक, करार नीट वाचा. काही ठिकाणी पगार विमानाच्या आकारावर ठरतो, काही ठिकाणी फक्त सीट आणि नोकरीच्या वर्षांवर. दुसऱ्या प्रकारात ग्लोबलच्या उजव्या सीटला पैशाचा फायदाच नाही, तिथे माझंही मत डळमळेल. आणि नवीन टाइप रेटिंग (ठरावीक मॉडेल उडवण्याचा परवाना) घेतलं की किती काळ दुसरी बिड लावता येत नाही, तेही त्याच पानावर असतं.

डावी सीट

ही सीट लॉकची बाब महत्त्वाची. लॉक लांब असेल तर फेनमवर कॅप्टन होऊन मग लॅटिट्यूड किंवा चॅलेंजर या त्याहून मोठ्या जेटना जायचा माझा सगळा हिशोब पुढे ढकलला जातो. तरीही मी फेनमच घेईन. सिमवाले, एक विचारायचं होतं: उजवीकडे बसलेला असतानाच ही 'विमान तुझ्याकडे'ची सवय लावायला तुम्ही काय करायला सांगता?

सिमवाला

प्रत्येक सेक्टरआधी कॅप्टनला विचारायच्या आधी स्वतःचा निर्णय वहीत लिहा: इंधन किती, पर्यायी विमानतळ कोणता, कोणत्या आकड्याला परत फिरायचं. मग त्याचा निर्णय ऐका. जिथे फरक पडेल तिथे उतरल्यावर कारण विचारा. बहुतेक कॅप्टन आनंदाने सांगतात.