कॉलेजच्या लॅबमध्ये सेंट्रल अँटिव्हायरस टाकला, पण कन्सोलमध्ये निम्म्याहून जास्त पीसी दिसतच नाहीत

लॅबसांभाळ:
नमस्कार मंडळी, कॉलेजच्या कॅम्पस नेटवर्कचं काम माझ्याकडे आहे, लॅब, लायब्ररी, ऑफिस सगळं धरून ३०० च्या आसपास पीसी. आधी प्रत्येक पीसीवर सुटा अँटिव्हायरस होता, आता सेंट्रल कन्सोलवाला (सगळे पीसी एका स्क्रीनवरून सांभाळणारा) घेतलाय, एजंट (प्रत्येक पीसीवर बसणारा त्याचा प्रोग्रॅम) सगळीकडे टाकून झालाय पण कन्सोलमध्ये जेमतेम १२० मशिन्स येतात आणि त्यातल्याही बऱ्याच 'आउट ऑफ डेट' म्हणून लाल. पीसीसमोर जाऊन बघितलं तर एजंट चालू, हिरवी खूण, सर्व्हरला पिंग जातो, फायरवॉलमध्ये पोर्ट उघडलेत. सकाळी पहिलं प्रॅक्टिकल सुरू झालं की इंटरनेट पार झोपतं ते वेगळंच. आणि सी प्रोग्रॅमिंगच्या लॅबमध्ये मुलांनी कंपाइल केलेली ईएक्सई लगेच क्वारंटाइनमध्ये जाते, मॅडम म्हणतात त्या लॅबमधून अँटिव्हायरस काढूनच टाका. मला काढायचा नाहीये. सुरुवात कुठून करू?

रॅकवाला:
लॅबचे पीसी एका इमेजवरून (एका तयार पीसीच्या डिस्कची हुबेहूब प्रत) क्लोन केलेत का? बहुतेक तिथेच घोळ आहे. एजंट इन्स्टॉल होताना स्वतःचा एक आयडी बनवतो आणि कन्सोल मशीनला त्या आयडीवरून ओळखतं, नावावरून नाही. इमेज घ्यायच्या आधीच एजंट टाकलेला असेल तर अख्ख्या लॅबचा आयडी एकच आणि कन्सोलमध्ये सगळ्यांची मिळून एकच ओळ. तपासायला सोपं आहे, कन्सोल उघडा आणि रिफ्रेश करत रहा, एकाच ओळीत पीसीचं नाव आणि आयपी बदलत राहिलं, आत्ता लॅब२-०७ मग लॅब२-१९, की समजा हेच. त्या मशिन्सवर आयडी रिसेट करावा लागेल, कंपनीच्या माहितीपत्रकात त्याचा टूल किंवा कमांड असते. पुढच्या वेळी इमेज एजंटशिवाय घ्या आणि एजंट नंतर ग्रुप पॉलिसीने (विंडोजमधली, सगळ्या पीसींना एकदम सेटिंग पाठवायची सोय) ढकला.
आणि एक, खरी पीसीसंख्या कन्सोलला विचारू नका, स्विच आणि पीसींना आयपी वाटणाऱ्या डीएचसीपीच्या यादीवरून काढा. कन्सोल फक्त ज्याला ओळखतं त्याचंच सांगतं, जो दिसत नाही त्याची तक्रार ते कधीच करणार नाही.

सिस्टिम_ताई:
वरच्यांशी सहमत. लाल मशिन्सचं माझ्याकडून. लॅबमध्ये रिस्टार्ट झाला की पीसी जुन्या स्थितीला नेणारं सॉफ्टवेअर आहे का? असेल तर दिवसभरात उतरवलेल्या व्हायरस डेफिनिशन्स (व्हायरस ओळखायच्या याद्या) संध्याकाळी बंद केल्यावर पुसल्या जातात, सकाळी पीसी पुन्हा इमेजच्या तारखेला. मग सगळे एकदम मागे पडलेले म्हणून छोटा फरक न उतरवता पूर्ण पॅकेज खेचतात, शेकडो एमबी, तेही एकाच वेळी. तुमचं सकाळचं नेट बहुधा यातच जातंय. रात्री एक मेंटेनन्सची वेळ ठेवा, त्या सॉफ्टवेअरचं लॉक उघडून वेक ऑन लॅनने (नेटवर्कवरूनच) पीसी चालू करा, अपडेट होऊ द्या, परत लॉक. कॅम्पसच्या आत एक लोकल अपडेट सर्व्हर ठेवला तर बाहेरून फाइल एकदाच येईल, बाकीचे त्याच्याकडून घेतील, शेड्यूललाही थोडा रँडम उशीर द्या.
जुन्या पीसींची तारीख पण बघा हं. मदरबोर्डवरचा सेल संपला की घड्याळ काही वर्षं मागे जातं, मग सर्व्हरचं सर्टिफिकेट (त्याचं डिजिटल ओळखपत्र) अजून लागूच झालेलं नाही असं समजून कनेक्शन तुटतं, पिंग मात्र छान जात राहतो.

लॅबसांभाळ:
ताई, दोन्ही आहे! रिस्टार्टला पुसणारं सॉफ्टवेअर चार लॅबमध्ये आहे. आणि लायब्ररीतल्या एका पीसीची तारीख २००९ निघाली, सेल मागवतोय. एका ओळीत नावं बदलतात तेही दिसलं. ईएक्सईचं काय करू?

रॅकवाला:
गंमत अशी की मुलांची ईएक्सई आत्ता जन्मलेली असते, डिजिटल सही नाही, जगात कुठे आधी दिसलेली नाही, म्हणून संशय येतो. हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा तिचा ठसा) टाकून सूट देऊन उपयोग नाही, प्रत्येक कंपाइलला हॅश बदलतो. त्या लॅबचा वेगळा ग्रुप करा, कंपाइलचं आउटपुट जाईल असा एकच फोल्डर ठरवा आणि तेवढाच वगळा, अख्खा डी ड्राइव्ह अजिबात नको. तो फोल्डर रोज रात्री रिकामा करा. पेनड्राइव्हला मात्र कुठलीच सूट नाही.
सगळं झालं की प्रत्येक लॅबमध्ये आयकारची (EICAR) अँटिव्हायरस तपासायची टेस्ट फाइल टाकून बघा, ६८ अक्षरांचा निरुपद्रवी मजकूर आहे, पीसीवर पकडली जाते एवढं बघून थांबू नका, कन्सोलमध्ये त्याच पीसीच्या नावावर अलर्ट आला पाहिजे.

पहिलंवर्ष_सीएस:
विद्यार्थी म्हणून विचारतो, लॅबमध्ये लावल्यावर माझ्या पेनड्राइव्हमधले फोल्डर गायब झाले, नुसते शॉर्टकट होते, अँटिव्हायरसने तेही उडवले. प्रोजेक्ट गेला का?

सिस्टिम_ताई:
नाही गेला, घाबरू नकोस. शॉर्टकट व्हायरस खरे फोल्डर हिडन आणि सिस्टिम करून ठेवतो आणि त्याच नावाचे शॉर्टकट बनवतो. अँटिव्हायरस शॉर्टकट काढतो, पण लपवलेलं परत दाखवेलच असं नाही. ॲट्रिब कमांडने त्या ड्राइव्हवरचे हिडन आणि सिस्टिम हे दोन्ही ॲट्रिब्यूट काढ, सबफोल्डरसकट. आधी ज्या पीसीवर डेफिनिशन्स ताज्या आहेत तिथे स्कॅन कर, आणि हे करून बघितल्याशिवाय कुणाच्या सांगण्यावरून फॉरमॅट मारू नकोस.